स्वीडनचा सरसेनापती आणि नको म्हणणाऱ्या बाया



गेल्या महिन्यात एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. त्या गटातल्या एका ताईंची मुलगी भरतीची तयारी करते. पहाटे डांबरी रस्त्यावर पळते, संध्याकाळी सामान्य ज्ञानाचं पुस्तक घेऊन बसते. तिनं मला विचारलं, "ताई, भूदल, नौदल आणि हवाई दल, तिन्हींवर मिळून एकच मोठा साहेब नेमला, तर मग त्याला कोण विचारणार?"

मी म्हटलं, आपल्याकडे २०२० पासून चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ असं पद आहे, ते सरकारचे मुख्य लष्करी सल्लागार असतात. ती म्हणाली, "ते पुस्तकात आहे. मी विचारलं, त्याला कोण विचारणार?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला माझा इतिहास होता, पण तो परीक्षेपुरता. घरी आल्यावर वाचायला बसले आणि वाचता वाचता स्वीडनपर्यंत जाऊन पोचले. तिथे हा प्रश्न सातशे वर्षं चाललाय. म्हणून आज स्वीडनची गोष्ट.

स्वीडन म्हटलं की आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना बोफोर्सची तोफ आठवते. युरोपच्या उत्तरेला असलेला थंड देश, लोकसंख्या साधारण एक कोटी. तिथे आजही राजा आहे, पण कारभार निवडून आलेलं सरकार करतं. तिन्ही दलांच्या प्रमुखाला तिथे लांबलचक नाव आहे, लोक मात्र त्याची दोनच अक्षरं घेतात आणि 'ओबे' म्हणतात. आपण सरसेनापती म्हणू.

पण ओबेच्या कितीतरी आधी तिथे 'मार्स्क' होता. या शब्दाचं मूळ ऐकून मला गंमत वाटली. जुन्या जर्मन भाषेत त्याचा अर्थ घोड्यांचा चाकर. राजाच्या पागेत घोड्यांना दाणापाणी करणारा माणूस. ज्याच्या ताब्यात घोडे, त्याच्या ताब्यात घोडदळ. आणि ज्याच्या ताब्यात घोडदळ, त्याच्या ताब्यात हळूहळू सगळंच. इंग्रजीतला मार्शल हा शब्दही तिथलाच. आपल्या इतिहासात सरनौबत येतो, घोडदळाचा मोठा अधिकारी, तसंच समजा. चाकराचा साहेब कसा झाला, ते त्या एका शब्दात आहे.

१२९० मध्ये स्वीडनचा राजा मॅग्नस वारला. मुलगा बिर्गर लहान होता. तेव्हा तोर्गिल्स क्नुटसन नावाच्या मार्स्कनं कारभार हातात घेतला. पूर्वेकडे मोहीम काढली, व्हीबोर्गचा किल्ला बांधला. राजा लहान असेतोवर राज्य त्यानंच चालवलं म्हणायला हरकत नाही. पुढे राजा मोठा झाला, त्याचे भाऊही मोठे झाले, आणि १३०६ मध्ये याच मार्स्कला स्टॉकहोममध्ये मृत्युदंड दिला गेला. ज्यानं राज्य सांभाळून दिलं, त्याचाच शेवट असा झाला.

दुसऱ्या एका मार्स्कचं उलट झालं. कार्ल क्नुटसन हा मार्स्क होता, तो १४४८ मध्ये स्वतःच राजा झाला. नंतर त्याला हाकललं, तो परत आला, पुन्हा हाकललं, पुन्हा आला. तीनदा राजा! म्हणजे एकाच पदावरचा एक माणूस वधस्तंभावर गेला आणि दुसरा सिंहासनावर. राजे या पदाला का बिचकायचे ते यावरून कळतं. मार्स्क नसला तर लढाई हरायची भीती, आणि फार मोठा झाला तर गादी जायची.

यातून त्यांनी एक वाट काढली, ती आपल्या गटांना फार ओळखीची वाटेल. १६३२ मध्ये राजा गुस्ताव अडॉल्फ जर्मनीत ल्युत्सेनच्या लढाईत मारला गेला. मागे एकच मुलगी, क्रिस्टिना, सहाही वर्षांची नव्हती. मग १६३४ मध्ये राज्यकारभाराचे नियम लेखी काढले. पाच मोठी पदं ठरली: न्यायाचा प्रमुख, सैन्याचा मार्स्क, आरमाराचा प्रमुख, चान्सलर म्हणजे मुख्य कारभारी, आणि खजिनदार. प्रत्येकाच्या मागे एक मंडळ. मार्स्क झाला तरी त्यानं युद्धमंडळात बसायचं, चर्चा करायची. राणी मोठी होईपर्यंत हे पाच जण मिळून राज्य चालवणार. तेव्हाचा मार्स्क याकोब दे ला गार्डी हा अनुभवी सेनानी होता, पण पाचातला एक.

आता कागदावर हे किती छान दिसतं! पण नावं वाचली तर पाचातले तिघे ओक्सेनशेर्ना या एकाच घराण्यातले. चान्सलर, त्याचा भाऊ, आणि भाऊबंदांतला आणखी एक. हे वाचून मला हसू आलं. आपल्याकडे नाही का, गटात दहा नावं असतात आणि त्यातल्या चार एकाच घरच्या जावा असतात. तरी एक म्हणावं लागेल, या पाच जणांनी क्रिस्टिनाची गादी हिसकावली नाही. ती अठरा वर्षांची झाल्यावर १६४४ मध्ये तिच्या हाती राज्य दिलं. तिला पुढे राज्य करण्यात गोडी राहिली नाही आणि तिनं १६५४ मध्ये आपणहून गादी सोडली, ती गोष्ट वेगळी, कधीतरी सांगेन.

पुढे राजा झालेल्या अकराव्या कार्लला ही पाच माणसांची व्यवस्था नको होती. कार्ल गुस्ताव व्रांगेल हा मार्स्क १६७६ मध्ये वारला आणि त्याची जागा राजानं भरलीच नाही. पद रद्द करण्यापेक्षा ते रिकामं ठेवणं सोपं, हे सगळ्या काळातल्या सत्ताधाऱ्यांना ठाऊक असतं. सैन्य आता सरळ राजाच्या हातात आलं. त्याचा मुलगा बारावा कार्ल स्वतः सैन्याच्या पुढे राहून लढला. १७०९ मध्ये पोल्टावाला रशियाकडून त्याचा मोठा पराभव झाला आणि १७१८ मध्ये नॉर्वेतल्या एका किल्ल्याला वेढा घालून बसला असताना तो गोळी लागून मेला. त्याच्या लढायांची किंमत लोकांनी मोजली. घरोघरचे पुरुष गेले, शेतं बायकांनी केली. राजाला अडवणारं कुणी नव्हतं, कारण राजा आणि सरसेनापती एकच होते.

नंतर दोनशे वर्षं कधी राजाची सत्ता कमी झाली, कधी वाढली. १८०९ च्या राज्यघटनेनंही राजाच सैन्याचा प्रमुख राहिला. ते सगळं मी सांगत बसत नाही. फक्त १९१४ चा एक प्रसंग सांगते, कारण त्यात शेतकरी आहेत. त्या वर्षी फेब्रुवारीत तीस हजारांहून जास्त शेतकरी देशभरातून स्टॉकहोमला आले. कर्जमाफी मागायला नाही हो, सैन्यावर जास्त खर्च करा असं सांगायला! राजा पाचवा गुस्ताव यानं राजवाड्याच्या चौकात त्यांच्यापुढे भाषण केलं आणि आपल्याच सरकारच्या विरुद्ध बाजू घेतली. पंतप्रधान कार्ल स्टाफ यांनी राजीनामा दिला. सैन्याच्या प्रश्नावर शेवटचा शब्द राजाचा की सरकारचा, हे भांडण उघड्यावर आलं. तो डाव राजानं जिंकला, पण पुढच्या काही वर्षांत सत्ता निवडून आलेल्यांकडेच गेली. नावापुरतं सेनापतीपद मात्र राजाकडे राहिलं, ते १९७५ मध्ये नवी राज्यघटना लागू होईपर्यंत.

आता खऱ्या ओबेकडे येते. ३० नोव्हेंबर १९३९ ला रशियानं शेजारच्या फिनलंडवर हल्ला केला. स्वीडन घाबरला. आठच दिवसांनी, डिसेंबरात, ओलोफ टोर्नेल नावाच्या सेनाधिकाऱ्याला तिन्ही दलांचा प्रमुख नेमलं. नेमणूक संकटापुरती होती, पण संकट पाच-सहा वर्षं टिकलं आणि तेवढ्यात पदानं मूळ धरलं. स्वीडन त्या महायुद्धात तटस्थ राहिला. तरी १९४० मध्ये टोर्नेल यांनी हिटलरच्या जर्मनीकडून मोठं मानचिन्ह स्वीकारलं, त्यावरून टीका झाली. सेनापतीनं छातीवर काय लावावं, हाही देशाचा प्रश्न असतो. १९४४ मध्ये त्यांच्या जागी हेल्गे युंग आले. युद्ध संपलं, पद राहिलं.

आता ज्यासाठी मी हे सगळं वाचत गेले, ती गोष्ट.

१९५१ मध्ये निल्स स्वेडलुंड ओबे झाले आणि दहा वर्षं राहिले. करारी माणूस, स्पष्ट बोलणारा. समोर रशिया, मध्ये नुसता समुद्र. १९५४ मध्ये त्यांनी देशाच्या संरक्षणाचा आराखडा जाहीर केला आणि त्यात सांगितलं, स्वीडनकडे अणुबॉम्ब हवा. त्यांचा हिशोब असा, की शत्रूची जहाजं सैन्य घेऊन निघाली तर बंदरात किंवा समुद्रातच ती उडवता आली पाहिजेत. आणि हे स्वप्नरंजन नव्हतं. हिरोशिमा झाल्यावर लगेच, १९४५ पासूनच स्वीडनची संरक्षण संशोधन संस्था या विषयाच्या मागे लागली होती. शास्त्रज्ञ होते, कारखाने होते, जमिनीत युरेनियम होतं. त्या काळात बॉम्ब बनवू शकतील अशा थोड्या देशांत स्वीडन होता.

पंतप्रधान टागे एर्लांडर यांनाही सुरुवातीला हे पटण्यासारखं वाटत होतं. विरोधी पक्षांतही बरेच जण बाजूनं. वर्तमानपत्रांत बाजूनं. गणवेशातला, सगळ्या माहितीचा, देशाच्या रक्षणाची जबाबदारी घेतलेला माणूस सांगतो आहे. त्याला नाही कोण म्हणणार?

नाही म्हणाली ती एर्लांडर यांच्याच पक्षाची महिला संघटना. तिच्या अध्यक्षा होत्या इंगा तोर्सन. १९५६ मध्ये या संघटनेनं जाहीर भूमिका घेतली: स्वीडनला अणुबॉम्ब नको. पक्षाचा नेता अजून ठरवत नव्हता, आणि बायकांनी ठरवून टाकलं! लढाईतलं तुम्हाला काय कळतं, असं त्यांना ऐकावं लागलं असणार. ते मला पुस्तकात शोधायची गरज नाही. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा हिशोब विचारला तेव्हा मीही तेच ऐकलं होतं.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे मात्र कच्चे नव्हते. बॉम्ब आपल्या किनाऱ्यावर टाकला तर त्याची राख कुणाच्या अंगणात पडणार? बॉम्ब असलेल्या छोट्या देशावर शत्रू आधी बॉम्ब टाकणार नाही का? आणि एका लहान देशानं केला तर बाकीचे का थांबतील? या चळवळीत पुढे लेखक, पत्रकार, शिक्षक आले. त्यांच्यात बार्ब्रो आल्व्हिंग नावाची पत्रकार होती. तिनं स्पेनचं युद्ध जवळून पाहिलं होतं. नागरी संरक्षणाची सक्तीची ड्युटी तिनं नाकारली आणि त्यासाठी १९५६ मध्ये स्टॉकहोमच्या लाँगहोल्मेन तुरुंगात एक महिना काढला. तिथली डायरीसुद्धा छापली.

एर्लांडर यांच्यापुढे पेच पडला. हो म्हणावं तर पक्षातल्या बाया आणि तरुण उठतील, नाही म्हणावं तर सेनापती आणि विरोधक. त्यांनी राजकारणी माणसाचा मार्ग घेतला, निर्णय पुढे ढकलला. १९५८ मध्ये ठरलं, की अणुहल्ल्यापासून बचाव कसा करायचा एवढ्यापुरतं संशोधन करायचं, बॉम्ब बनवण्यासाठी नाही. पक्षानं एक अभ्यासगट नेमला, त्याचा सचिव ओलोफ पाल्मे हा तरुण होता, जो पुढे पंतप्रधान झाला. त्या गटाचंही म्हणणं तेच, आत्ता ठरवू नका. मला आधी ही पळवाट वाटली. आता तसं वाटत नाही. ढकललेल्या त्या वर्षांत लोकांना विचार करायला वेळ मिळाला.

इथे एक नाव आपल्या देशाशी जोडलेलं आहे. आल्वा मिर्डाल. अर्थशास्त्र शिकलेल्या मैत्रिणींना गुन्नार मिर्डाल हे नाव आठवत असेल, त्यांच्या या पत्नी. पण त्यांची ओळख तेवढी नाही. १९५५ ते १९६१ या काळात त्या भारतात स्वीडनच्या राजदूत होत्या. दिल्लीहून परत गेल्यावर त्यांनी निःशस्त्रीकरणाचं काम हातात घेतलं, आणि १९६२ पासून जिनिव्हाच्या परिषदेत स्वीडनची बाजू त्या मांडत राहिल्या. इतरांना बॉम्ब बनवू नका असं जगापुढे सांगायचं आणि घरी तो बनवायचा, हे जमणार नव्हतं. त्यांच्या कामामुळे स्वीडनची भूमिका पक्की होत गेली. १९८२ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

शेवटी १९६८ मध्ये स्वीडननं अण्वस्त्र प्रसार रोखण्याच्या करारावर सही केली आणि तो दरवाजा बंद झाला. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही, आपली वाट वेगळी आणि तिची कारणंही वेगळी, तो आजचा विषय नाही.

आता खरं सांगायचं तर हे एकट्या बायकांनी केलं असं म्हणणं चूक होईल. अमेरिकेला स्वीडननं बॉम्ब करावा असं वाटत नव्हतं. शिवाय पैसा! बॉम्बला एवढा खर्च येणार, की नवी विमानं आणि जहाजं घ्यायला काही उरणार नाही, हे सैन्यातल्याच लोकांच्या लक्षात आलं. स्वेडलुंड १९६१ मध्ये निवृत्त झाले, त्यांच्यानंतरचे ओबे टोर्स्टन राप यांच्या काळात मागणी विरत गेली. पण सगळे अजून हो आणि नाही यांच्या मध्ये उभे असताना पहिलं मोठं नाही कुणाचं होतं, हे विसरू नये.

मला यात स्वेडलुंड खलनायक वाटत नाहीत. त्यांचं काम धोका ओळखून मागणी करण्याचं होतं, ते त्यांनी केलं. लपवून केलं नाही, कागद छापून, लोकांपुढे ठेवून केलं. म्हणून तर लोकांना नाही म्हणता आलं. आमच्या एका जुन्या गटात अध्यक्षताई फार कर्तबगार. पासबुक त्यांच्याकडे, पेटीची किल्लीही त्यांच्याकडे. पैशाचा घोळ कधी झाला नाही. पण त्या आजारी पडून मुलाकडे शहरात गेल्या आणि गटातल्या एकीला लेकीच्या फीसाठी कर्ज हवं होतं, तर सहा आठवडे कुणाला पेटी उघडता आली नाही. लेकीचं ते वर्ष गेलं. त्या ताईंवर कुणाचा राग नव्हता. किल्ली मागायचं मात्र कुणाच्याच मनात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि मी तर सहयोगिनी.

आता शेवटचा प्रसंग. ऑक्टोबर १९८१. रशियाची एक पाणबुडी स्वीडनच्या कार्ल्सक्रूना या नौदल तळाजवळ, अगदी आतल्या पाण्यात, खडकावर चढून अडकली. सकाळी ती दिसली कुणाला, तर तिथल्या मासेमाराला! ओबे होते लेनार्ट युंग, आणि पंतप्रधान होते थोरब्योर्न फेल्डिन. हे फेल्डिन शेतकरी, घरी बटाट्याची शेती आणि मेंढ्या. तपासणी केली तर पाणबुडीच्या पुढच्या भागात युरेनियमच्या खुणा मिळाल्या, म्हणजे बहुतेक अण्वस्त्रं आत. आणि त्याच दिवसांत रडारवर दिसलं, की समुद्रातून दोन जहाजं स्वीडनच्या हद्दीकडे येताहेत. पाणबुडी सोडवायला रशियाचं आरमार निघालं की काय? ओबेनं पंतप्रधानांना फोन केला. फेल्डिन यांचं उत्तर दोन शब्दांचं, ते स्वीडनमध्ये आजही सगळ्यांना पाठ आहे: "सीमा सांभाळा." तोफा सज्ज झाल्या, विमानं तयार झाली. मग कळलं, ती जर्मनीची साधी व्यापारी जहाजं होती.

मी तो फोन पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणते. एकीकडे देशातली सगळी शस्त्रं हाताशी असलेला माणूस, दुसरीकडे मेंढ्या पाळणारा शेतकरी. आणि फोन ओबेला करावा लागला. स्वीडनकडे तेव्हा बॉम्ब असता तर त्या फोनवर काय बोलणं झालं असतं, कोण जाणे.

१९८० पासून स्वीडनच्या सैन्यात बायकांना अधिकारी होण्याची वाट उघडली, १९८९ मध्ये सगळी पदं खुली झाली. सक्तीची सैन्यसेवा २०१० मध्ये थांबवली होती, ती २०१७ मध्ये परत आणली, आणि आता मुलगे आणि मुली दोघांनाही बोलावणं येतं. २०२४ मध्ये स्वीडन दोनशे वर्षांची अलिप्तता सोडून नाटो या लष्करी गटात गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मिकाएल क्लासोन ओबे झाले. १९३९ पासून मोजले तर ते तेरावे. तेरापैकी बाई एकही नाही.

हे सगळं मी त्या भरतीवाल्या मुलीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चौदावी व्हायला जागा आहे." मी म्हटलं, अगं, ते स्वीडनमध्ये. ती म्हणाली, "इथलं बघते मी, ताई. उद्या सोळाशे मीटरची वेळ लावायची आहे, घड्याळ घेऊन याल का?"

पहाटे साडेपाचला जायचं आहे, म्हणून आज इथेच थांबते. नमस्कार.